युद्धकाळातला सैनिकांचा रेडिओ: लहरींवरून किती आणि विमानातून किती?

तबकडीशास्त्री

दुसऱ्या महायुद्धात परदेशी आघाड्यांवरच्या सैनिकांसाठी रेडिओवर करमणुकीचे कार्यक्रम असत, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याचं डोळ्यांसमोर येणारं चित्र मात्र ठरलेलं: हॉलिवूडमध्ये कोणीतरी गातंय आणि त्याच क्षणी न्यू गिनीच्या चिखलात बसून कोणीतरी ते ऐकतंय.

माझ्या मते हे चित्र अमेरिकेपुरतं तरी बरंचसं चुकीचं आहे. आर्म्ड फोर्सेस रेडिओ सर्व्हिस (पुढे एएफआरएस लिहितो) २६ मे १९४२ रोजी सुरू झाली. मुख्यालय लॉस एंजलिसला आणि प्रमुख टॉम लुईस, म्हणजे मूळचा सैन्यातला नव्हे, जाहिरात कंपनीतून आलेला माणूस. या सेवेचा खरा माल म्हणजे १६ इंची तबकड्या. वेग मिनिटाला ३३⅓ फेरे, एका बाजूला १५ मिनिटं. अर्ध्या तासाचा कार्यक्रम एका तबकडीच्या दोन बाजूंत बसे. या तबकड्यांच्या पेट्या विमानाने किंवा बोटीने जगभर जात, तिथलं छोटं केंद्र त्या वाजवी, आणि काम झालं की पेटी पुढच्या केंद्राकडे रवाना. म्हणजे सैनिक जे ऐकत होता ते कित्येक आठवडे जुनं असे.

तर प्रश्न दोन. शॉर्टवेव्हचा, म्हणजे हजारो मैल जाणाऱ्या आखूड रेडिओ लहरींचा, खरा वाटा किती? आणि ब्रिटिशांनी हाच रस्ता का धरला नाही? जाणकारांनी लिहावं, फक्त ‘आमच्या लहानपणी रेडिओ म्हणजे...’ वाले प्रतिसाद नकोत.

टवाळ

शेवटच्या वाक्यामुळे अर्धे सभासद परत गेले. वाचतोय.

शॉर्टवेव्ह

अर्धवट सहमत. ‘कमांड परफॉर्मन्स’ हा सगळ्यात गाजलेला कार्यक्रम १ मार्च १९४२ ला सुरू झाला, म्हणजे एएफआरएस जन्मायच्या आधी, आणि तो शॉर्टवेव्हनेही जायचा. बातम्या आणि खेळांचं धावतं वर्णन तर शेवटपर्यंत शॉर्टवेव्हनेच. सॅन फ्रान्सिस्कोचं केजीईआय केंद्र पॅसिफिकमध्ये याच कामी आलं. महिना जुनी बातमी तबकडीवर पाठवून कोण ऐकणार?

गाण्यांसाठी शॉर्टवेव्ह का नको, याचं कारण लहरींच्या वागण्यात आहे. एकच लहर आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या भागातल्या विद्युतभारित थरावरून) एकदा परावर्तित होऊन आणि दोनदा परावर्तित होऊन अशा दोन वाटांनी पोहोचते. दोन्ही वाटांची लांबी वेगळी, त्यामुळे काही वारंवारिता एकमेकींना मारतात, काही वाढवतात, आणि हे सेकंदासेकंदाला बदलतं. बोलण्यात याचा फारसा त्रास होत नाही, शब्द कळतो. व्हायोलिनच्या ताफ्याचं मात्र त्यात भजं होतं. वर उष्ण कटिबंधातला विजांचा खरखराट, तोही नेमका संध्याकाळी, सैनिक मोकळा असतो तेव्हा. शिवाय दिवसा १५ मेगाहर्ट्झच्या आसपास आणि रात्री ६ ते ९ मध्ये उतरायचं, हे प्रत्येक ऐकणाऱ्याला जमायला हवं.

म्हणून माझी विभागणी अशी: बोलणं लहरींवरून, गाणं पेटीतून.

इंदौरी_पोहे

‘कमांड परफॉर्मन्स’ म्हणजे तोच ना, ज्यात सैनिक काहीही फर्माइश करायचे?

शॉर्टवेव्ह

तोच. पत्र लिहून काहीही मागता येई, आणि कलाकार बिनपैशाने येत. कॅरोल लँडिसने नुसता उसासा टाकावा अशी फर्माइश आली आणि तिने माइकसमोर उसासा टाकला. अ‍ॅन मिलरने लष्करी बूट घालून टॅप नृत्य केलं. लाना टर्नरने मांसाचा तुकडा तव्यावर परतला, ऐकणाऱ्यांना हवा होता तो चुरचुरण्याचा आवाज. अमेरिकेतल्या नागरिकांना हा कार्यक्रम ऐकायला मिळत नसे. १९४२ च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशीचा एक प्रयोग तेवढा देशभर लावला.

टवाळ

उसासा सोळा इंची तबकडीवर कोरून न्यू गिनीला पाठवणारं सैन्य. हरणार कसं?

सोल्डरगन

मूळ प्रश्नातला एक दुवा निसटतोय. तबकडी पोहोचली तरी ती ऐकवायला केंद्र लागतं. तिथे खरी गंमत आहे.

सुरुवात पनामा कालव्यापाशी झाली, १९४० मध्ये. कालव्याच्या रक्षणासाठी तोफा जंगलात लांबलांब विखुरलेल्या. त्यांना एका वेळी हुकूम द्यायला रेडिओ केंद्र काढलं, पण नुसत्या हुकमांसाठी सैनिक सेट लावून बसेनात. मग अमेरिकी नेटवर्क कंपन्यांकडे कार्यक्रमांच्या तबकड्या मागितल्या. म्हणजे करमणूक हे आमिष होतं, हेतू सैनिकाला त्या स्टेशनवर धरून ठेवणं हा. दुसरं उदाहरण अलास्कातलं कोडियाक बेट. तिथल्या सैनिकांनी परवान्याबिरवान्याची फिकीर न करता केंद्र चालू केलं आणि वाजवायला काही नाही म्हणून थेट हॉलिवूडला पत्रं लिहिली. वॉशिंग्टनने हे बंद पाडण्याऐवजी सगळीकडे करायचं ठरवलं.

पुढे सॉलोमन बेटांच्या भागात ‘मॉस्किटो नेटवर्क’ आणि न्यू गिनीकडे ‘जंगल नेटवर्क’ अशी नावं पडली. तिथल्या एका कार्यक्रमाचं नाव ‘अ‍ॅटाब्रिन कॉकटेल अवर’. अ‍ॅटाब्रिन म्हणजे मलेरियावरची ती कडू पिवळी गोळी.

तांत्रिक बाजू: अशी केंद्रं बहुतेक मध्यम लहरींवर आणि अगदी कमी शक्तीची, ५० वॉटच्या घरातली. एवढ्या शक्तीत किती लांब ऐकू येईल हे वॉटपेक्षा जमिनीवर ठरतं. मध्यम लहर जमिनीला धरून चालते. खारं पाणी उत्तम वाहक, म्हणून समुद्रावरून ती लांब जाते. ओल्या दाट जंगलात लवकर विरते. त्यात अँटेनाची अडचण. १००० किलोहर्ट्झला पाव तरंगलांबी ७५ मीटर भरते. एवढा मनोरा बेटावर कोण उभारणार? मग तार थोडी उभी, थोडी आडवी ताणायची, कमी पडलेली लांबी पायथ्याशी लोडिंग कॉइल घालून भरून काढायची, आणि जमिनीत चक्राच्या आऱ्यांसारख्या तांब्याच्या तारा पुरायच्या. यातल्या पुरलेल्या तारांमध्ये कंजूषी केली की ५० पैकी बरेचसे वॉट माती तापवण्यात जातात.

लहरी_हैदर

जाहिरातींचं काय करायचे? तेव्हाचे अमेरिकी कार्यक्रम तर साबण-सिगारेटवाल्यांच्या नावांनीच ओळखले जायचे.

तबकडीशास्त्री

@लहरी_हैदर, छान विचारलंत. हे काम एएफआरएसची खरी कारागिरी आहे, म्हणून जरा सविस्तर.

टेप अमेरिकेत नव्हता. जर्मनांकडे मॅग्नेटोफोन होता, पण तो अमेरिकी स्टुडिओंपर्यंत युद्ध संपल्यावर पोहोचला. म्हणजे कात्री लावून चिकटवणं शक्य नाही, सगळं संपादन तबकडीवरून तबकडीवर. पद्धत अशी:

नेटवर्कच्या टेलिफोन लाइनवरून येणारा कार्यक्रम लॅकर तबकडीवर कोरायचा. ही अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर नायट्रोसेल्युलोजचा थर दिलेली तबकडी. युद्धात अ‍ॅल्युमिनियम विमानांना लागायला लागल्यावर आतला पत्रा जाऊन काच आली. हातातून निसटली की संपलं. एकाच कार्यक्रमाच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावायच्या. जाहिरात कुठे सुरू होते तिथे पहिलीवर मेणाच्या पेन्सिलीने खूण, कुठे संपते तिथे दुसरीवर. तिसऱ्या यंत्रावर नवी तबकडी कोरली जात असताना पहिल्या खुणेला एक फेडर (आवाज कमीजास्त करायची कळ) खाली आणि दुसरा वर. खूण असलेल्या चरीत सुई ठेवून तबकडी अर्धा-एक फेरा मागे ओढून धरायची आणि बरोबर क्षणी सोडायची, कारण स्थिर तबकडीला पूर्ण वेग घ्यायला वेळ लागतो. लवकर सोडली तर जाहिरातीचा शेवटचा शब्द येतो, उशिरा सोडली तर आवाज रेंगाळत चढतो. चुकलं तर पंधरा मिनिटांची आख्खी बाजू पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून सांधा शक्यतो टाळ्यांमध्ये. टाळ्यांवर टाळ्या चढवल्या की जोड कळत नाही.

जाहिराती काढल्यावर अर्ध्या तासात काही मिनिटांची पोकळी राही. तिथे जादा गाणं किंवा सैन्याच्या सूचना: मच्छरदाणी वापरा, तोंड बंद ठेवा, घरी पत्र लिहा. नावं तर बदलावीच लागत. सिगारेटच्या नावाचा ‘कॅमल कॅरव्हान’ हा ‘कॉमेडी कॅरव्हान’ झाला.

मग संपादित लॅकरवर धातूचा मुलामा चढवून साचा काढायचा आणि व्हिनाईलमध्ये प्रती दाबायच्या. लाखेची तबकडी का नको? लाखेची १६ इंची तबकडी विमानाच्या धक्क्यांत फुटते आणि वजनही जास्त.

टवाळ

जाहिराती काढून दिल्या आणि जागेवर मलेरियाच्या सूचना घातल्या. सरकारी काम, एका हाताने देणार, दुसऱ्याने घेणार.

कोलंबोकर

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. ब्रिटिशांची गोष्ट वेगळी कारण भूगोल वेगळा.

त्यांची मोठी फौज आधी फ्रान्समध्ये होती, खाडीपलीकडे. इंग्लंडमधल्या केंद्रांनी तिथवर सहज पोहोचता येई. जानेवारी १९४० मध्ये बीबीसीने ‘फोर्सेस प्रोग्रॅम’ सुरू केला. सैनिक एकेकटे लक्ष देऊन ऐकत नाहीत, खोलीत दहा जण, पत्ते चाललेत, गप्पा चालल्यात. त्यामुळे लांब व्याख्यानं नकोत, हलकं आणि तुकड्यातुकड्यात हवं, हे बीबीसीला त्यातून कळलं. घरी बसलेले नागरिकही मुख्य कार्यक्रम सोडून हाच लावायला लागले. २७ फेब्रुवारी १९४४ ला त्याचा ‘जनरल फोर्सेस प्रोग्रॅम’ झाला आणि तो परदेशातल्या फौजांनाही शॉर्टवेव्हने ऐकवला जाऊ लागला.

नोव्हेंबर १९४१ पासून गायिका व्हेरा लिनचा ‘सिन्सियरली युअर्स’ होता. गाण्यांच्या मध्ये ती निरोप वाचे, अमक्याला मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप. यावर बीबीसीत आणि पार्लमेंटमध्ये तक्रारी झाल्या की असल्या रडक्या गाण्यांनी शिपाई हळवा होईल. शिपायांचं मत उलट होतं. १९४४ मध्ये ती स्वतः ब्रह्मदेशच्या आघाडीपर्यंत जाऊन गाऊन आली.

तबकड्या ब्रिटिशांनीही पाठवल्या, बीबीसीची लंडन ट्रान्स्क्रिप्शन सर्व्हिस तेच करायची. पण त्यांचा कणा ट्रान्समीटर हाच.

मुक्काम_कल्याण

आणि आपला रेडिओ सिलोन! महायुद्धात माउंटबॅटनने सैन्यासाठी १०० किलोवॉटचा ट्रान्समीटर लावला, त्यावरून ब्रह्मदेशातल्या सैनिकांना गाणी ऐकवली आणि युद्धानंतर त्यावरच बिनाका गीतमाला आली.

कोलंबोकर

@मुक्काम_कल्याण, गोष्ट बरोबर, क्रम चुकला. हे वाक्य सगळीकडे असंच फिरतं.

माउंटबॅटनच्या आग्नेय आशिया कमांडचं मुख्यालय एप्रिल १९४४ मध्ये दिल्लीहून कँडीला हललं. ‘रेडिओ सीॲक’ (त्याच कमांडच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून) कोलंबोहून १९४४ च्या उत्तरार्धात सुरू झालं, पण बऱ्याच कमी शक्तीच्या ट्रान्समीटरवर. कोलंबोजवळच्या ‘एकाला’ या गावातला १०० किलोवॉटचा मार्कोनी शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर चालू झाला १९४६ मध्ये. जपान शरण आला ऑगस्ट १९४५ मध्ये. म्हणजे त्या प्रसिद्ध ट्रान्समीटरवरून लढणाऱ्या सैनिकाने एकही गाणं ऐकलेलं नाही.

मग तो लावला कशाला? आधी ठरलेलं काम पुरं झालं, हे एक. दुसरं म्हणजे लढाई संपली तरी फौज घरी गेली नव्हती. बोटी कमी, शिपाई मलाया-जाव्यापर्यंत अडकलेले आणि वैतागलेले. जानेवारी १९४६ मध्ये कराचीपासून सिंगापूरपर्यंत रॉयल एअर फोर्सच्या तळांवर ‘घरी पाठवा’ म्हणून काम बंद पडलं. अशा फौजेला गाणी ऐकवणं ही चैन नव्हती.

तिथे काम करणाऱ्यांत डेव्हिड जेकब्ज, डेझमंड कॅरिंग्टन, चार्ल्स चिल्टन होते. पुढे तिघेही बीबीसीवर नावारूपाला आले. १९४९ मध्ये सगळी सामग्री सिलोन सरकारकडे गेली.

लहरी_हैदर

आणि पुढचा अंक आपल्याच माणसाने लिहिला. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत हद्दपार झालं. सैनिकांसाठी बांधलेला ट्रान्समीटर कोलंबोत मोकळा होता, श्रोते इथे मोकळे होते. ३ डिसेंबर १९५२ ला गीतमाला सुरू. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि कोलंबोला विमानाने जायचा. तबकडीशास्त्रींच्या बाजूने एक मत नोंदवा, इथेही पेटी विमानातूनच गेली.

टवाळ

केसकरांवर धागा भरकटायच्या आत कोणीतरी तांत्रिक बोला.

बाराबंदी

उशीर झाला. केसकरांनी शास्त्रीय संगीताला आकाशवाणीवर जे स्थान दिलं त्याबद्दल दोन शब्द कोणी लिहिणार नाही, फिल्मी गाणी बंद केली एवढंच दर वेळी. आणि सैनिकांच्या संदर्भातच बोलायचं तर ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती त्यांच्याच काळात सुरू झाली. ‘जयमाला’ हा फौजी भावांच्या फर्माइशींचा कार्यक्रम तिथलाच.

लहरी_हैदर

मान्य. पण सिलोनने पाच वर्षं श्रोते पळवल्यावर सुरू झाली, हेही लिहा.

सोल्डरगन

तांत्रिक मागितलंय म्हणून: फॉक्सहोल रेडिओ. केंद्र आहे, कार्यक्रम आहे, पण खंदकातल्या शिपायाकडे सेट नाही. इटलीत अँझिओच्या किनाऱ्यावर १९४४ मध्ये अमेरिकी सैनिकांनी दाढीच्या पात्यापासून सेट बनवले. बॅटरी नाही, व्हॉल्व्ह नाही.

पातं निळसर पडलेलं हवं. पोलादावरच्या त्या पातळ ऑक्साइडच्या थरावर पेन्सिलीच्या शिशाचं टोक हलकेच टेकवलं की तिथे एका दिशेने वीज जास्त वाहते, म्हणजे डायोड झाला. शिसं सेफ्टी पिनच्या टोकाला बांधायचं आणि पिनेच्या स्प्रिंगने दाब कमीजास्त करायचा. बाकी कॉइल, लांब तार, जमिनीत खुपसलेला खिळा आणि हेडफोन.

दुसरा फायदा: या सेटमध्ये आंदोलक, म्हणजे स्वतः लहर तयार करणारा भाग, नाही. त्या काळचा साधा रीजनरेटिव्ह सेट नीट जुळवला नाही तर स्वतःच अँटेनातून लहर फेकतो, आणि शत्रूला जागा कळेल ही भीती असे. पातं काहीच फेकत नाही.

इंदौरी_पोहे

हे आज पुण्यात करून बघायचं तर? आकडे द्या राव, ‘लांब तार’ म्हणजे किती?

सोल्डरगन

आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झ धरून देतो.

५ सेंमी व्यासाची पुठ्ठ्याची किंवा पीव्हीसीची नळी. २८ गेजची एनॅमल तार, वेढ्याला वेढा चिकटून १२० वेढे. साधारण ५ सेंमी लांबीची कॉइल होते, तार १९ मीटर जाते, २० आणा. इंडक्टन्स ५०० मायक्रोहेन्रीच्या आसपास. यात व्हेरिएबल कपॅसिटर नाही, त्याचं काम अँटेनाच करते. १० ते १२ मीटर तार मोकळ्यावर ताणली की तिची धारिता ८० पिकोफॅरडच्या जवळ येते आणि जोडी ७९२ च्या आसपास जुळते. मुंबईच्या १०४४ साठी ८० वेढे पुरतील. थोडे जास्त घालून दर दहा वेढ्यांवर एनॅमल खरवडून टॅप (मधली जोडणी) काढा, म्हणजे जुळवता येईल.

अँटेना कॉइलच्या एका टोकाला, अर्थ दुसऱ्या टोकाला. अँटेनाच्या टोकापासून पात्याकडे, पेन्सिलीकडून हेडफोनकडे, हेडफोनचं दुसरं टोक अर्थला.

काय बिघडतं:

आजची पाती स्टेनलेस असतात, चालत नाहीत. कार्बन स्टीलचं पातं गॅसवर निळं पडेपर्यंत तापवा आणि आपोआप गार होऊ द्या. लाल केलंत तर थर जाड होऊन वाया. किंचित गंजलेलं पातंही चालतं.

मोबाइलचे इयरफोन १६ ते ३२ ओहमचे, त्यातून काही ऐकू येणार नाही. २००० ओहमचे जुने हेडफोन किंवा क्रिस्टल इयरफोन हवा. क्रिस्टल असेल तर त्याला समांतर ४७ किलोओहमचा रेझिस्टर लावा, नाहीतर दिष्ट प्रवाहाला वाट मिळत नाही आणि आवाज घुसमटतो.

अर्थसाठी पूर्वी नळाचा पाइप सांगायचे. आता ते प्लास्टिकचे. ओल्या मातीत दोन-तीन फूट सळई ठोका. विजेच्या बोर्डातली अर्थ पिन अजिबात वापरू नका.

आणि पावसाळ्यात विजा चमकायला लागल्या की अँटेना काढून बाहेर टाका.

शॉर्टवेव्ह

+१. एक भर: पात्यामुळे कॉइलवर भार पडतो, त्यामुळे स्टेशनं वेगळी होत नाहीत. मनोऱ्याजवळ राहणाऱ्याला तेच एक केंद्र सगळीकडे ऐकू येईल. अँझिओतही जवळपास एकच मोठं केंद्र असणं हीच सोय होती. आणि मध्यम लहरींची केंद्रं एकेक करून बंद होत चालली आहेत. आधी साध्या ट्रान्झिस्टरवर स्टेशन लागतंय का बघा, मग वेढे घाला.

मराठा_इतिहास

इटलीचा विषय निघालाच आहे तर: तिथे मराठा पलटणीही होत्या. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी आणि नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनियो नदीवरच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या लोकांसाठी रेडिओवर काय होतं? वरचा सगळा धागा गोऱ्या शिपायाच्या कानाने चाललाय.

कोलंबोकर

रास्त प्रश्न. ब्रह्मदेशात लढणाऱ्या ब्रिटिश चौदाव्या सैन्यात बहुसंख्य भारतीय होते, आणि रेडिओ सीॲकची मुख्य भाषा इंग्रजी.

भारतीयांसाठी वेगळी वाट होती. बीबीसीची हिंदुस्तानी सेवा ११ मे १९४० ला झुल्फिकार अली बुखारी यांच्या हाताखाली सुरू झाली, १९४२ पासून मराठी प्रक्षेपणही होतं. आकाशवाणीची परदेशी सेवा १ ऑक्टोबर १९३९ ला पश्तूने सुरू झाली. पण या सगळ्यांत भर बातम्या आणि प्रचारावर. निव्वळ करमणुकीसाठी ‘फौजी दिलखुश सभा’ होती, तीही मुख्यतः रंगमंचावरची. वैयक्तिक सेट शिपायाकडे नसे, तुकडीत एक सेट, आणि तो कोणत्या स्टेशनवर लावायचा हे शिपाई ठरवत नसे.

त्यात कारणही होतं. जानेवारी १९४२ पासून बर्लिनहून आझाद हिंद रेडिओ चालू होता.

शॉर्टवेव्ह

शत्रूच्या रेडिओशी स्पर्धा हा तर सगळ्या खटाटोपाचा एक मोठा हेतू. चांगली गाणी लावली की समोरचा सैनिक ऐकतोच. १९४१ पासून बेलग्रेडचं जर्मन सैनिकी केंद्र रोज रात्री दहाच्या सुमारास ‘लिली मार्लेन’ लावायचं. ते उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मन सेनापती रोमेलचे आणि ब्रिटिश आठव्या सैन्याचे दोघेही ऐकायचे, आणि आठव्या सैन्यात चौथी भारतीय डिव्हिजन होती. टोकियोहून इव्हा टोगुरी (सैनिक ‘टोकियो रोझ’ म्हणत त्या निवेदिकांपैकी सगळ्यात गाजलेली) ‘झीरो अवर’मध्ये अमेरिकी रेकॉर्डी लावायची. तिला देशद्रोहाची शिक्षा झाली आणि १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्डनी माफी दिली.

करमणुकीतही रंगभेद होताच, हे मराठा_इतिहास यांच्या मुद्द्याला जोडून. अमेरिकी सैन्य वेगवेगळ्या तुकड्यांत विभागलेलं, म्हणून कृष्णवर्णीय सैनिकांसाठी १९४२ पासून ‘जुबिली’ हा वेगळा कार्यक्रम. संगीत म्हणून एएफआरएसच्या सगळ्या मालात तोच सरस, असं माझं मत.

लहरी_हैदर

आणि टोकियो रोझला उत्तर म्हणून मॉस्किटो नेटवर्कवर ‘टोकियो मोझ’ होता. हाय अ‍ॅव्हरबॅक नावाचा निवेदक तिची नक्कल करायचा.

तबकडीशास्त्री

बरीच माहिती जमली. मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण कोलंबोकरांच्या ‘भूगोल वेगळा’ या उत्तराने माझं पूर्ण समाधान झालेलं नाही. अमेरिकन इंग्लंडमध्ये आले तेव्हा भूगोल बीबीसीचाच होता, तरी त्यांनी तबकडीच वाजवली. एएफएन (अमेरिकन फोर्सेस नेटवर्क) ४ जुलै १९४३ ला लंडनमध्ये सुरू झालं, स्टुडिओ बीबीसीने दिलेला, ट्रान्समीटर ५० वॉटचे, तळांच्या आसपास ठेवून टेलिफोन लाइनने जोडलेले. कार्यक्रमांचा मोठा भाग लॉस एंजलिसच्या पेटीतला.

माझ्या मते खरं कारण कराराचं आहे. जेम्स पेट्रिलोच्या वादक संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेत रेकॉर्डिंग बंद पाडलं होतं. कलाकार फुकट गात होते, संघटना सवलत देत होती, जाहिरातदार आपला कार्यक्रम उचलू देत होते, सगळं एका अटीवर: हे फक्त सैनिकांनाच ऐकवायचं, विकायचं नाही. मोजता येणारी, परत मागता येणारी, मोडता येणारी वस्तू या अटीत बसते. १०० किलोवॉटची लहर कोणाच्याही घरात शिरते.

व्ही-डिस्क, म्हणजे सैनिकांना पाठवलेल्या संगीताच्या रेकॉर्डी, त्यांचंही तसंच. ऑक्टोबर १९४३ पासून, १२ इंची, ७८ फेऱ्यांची, चरी दाट कापून एका बाजूला सहा मिनिटांपर्यंत. सुमारे ८० लाख तबकड्या गेल्या. पेटीत सुया, गाण्यांचे शब्द आणि अभिप्रायाचा कागद. १९४९ मध्ये बंद झाल्यावर अटीप्रमाणे साचे आणि उरलेल्या तबकड्या नष्ट केल्या.

कोलंबोकर

कराराचा मुद्दा पटला, पण एएफएनचे ट्रान्समीटर ५० वॉटचे होते ते बीबीसीच्या आग्रहामुळेही. ब्रिटिश नागरिकांनी अमेरिकी विनोदवीर ऐकू नयेत ही काळजी त्यांचीच. आणि नॉर्मंडीनंतर दोघांनी मिळून काढलेला ‘अलाइड एक्स्पिडिशनरी फोर्सेस प्रोग्रॅम’ ७ जून १९४४ ला सुरू झाला तो डेव्हनमधल्या स्टार्ट पॉइंटच्या मोठ्या ट्रान्समीटरवरून, १०५० किलोहर्ट्झवर. ग्लेन मिलरचा बँड त्यावर वाजायचा. तिथे लहर कोणाच्या घरात शिरते याची पर्वा अमेरिकनांनीही केली नाही.

तबकडीशास्त्री

त्या केंद्राची मुदत ठरलेली होती, २८ जुलै १९४५ ला बंदही झालं. अपवाद म्हणून मान्य.

इंदौरी_पोहे

नष्ट केल्या म्हणता, मग जुन्या बाजारात व्ही-डिस्क मिळतात त्या कुठल्या? आणि मिळाली तर घरच्या रेकॉर्ड प्लेअरवर लावायची का?

तबकडीशास्त्री

शिपायांनी पिशवीत घालून घरी नेलेल्या.

एलपीची सुई लावू नका. ती चरीच्या तळाशी घासत जाते, तिथे फक्त कचरा असतो. ३ मिलच्या (एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आसपासची ७८ ची सुई हवी. पोलादी सुईच्या चावीच्या ग्रामोफोनवर तर मुळीच नको. लाखेत दगडाची भुकटी असते, ती सुईला घासून चरीच्या मापाची करते. व्हिनाईल मऊ, तिथे सुई चरीलाच घासते. बहुतेक व्ही-डिस्क अशाच झिजलेल्या मिळतात.

वेग तपासायच्या ठिपक्यांच्या चकतीवर ५० हर्ट्झची पट्टी बघा, ती ७७.९२ फेऱ्यांना स्थिर दिसते. अमेरिकेतली ६० हर्ट्झची ७८.२६ ला. फोनो प्रीअ‍ॅम्पमधली आरआयएए दुरुस्ती (रेकॉर्डच्या बेस-ट्रेबलचा तोल सावरणारी) १९५४ नंतरची, ती बंद करता आली तर करा आणि बेस, ट्रेबल संगणकावर जुळवा. धुण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. स्पिरिट नको, कारण व्हिनाईल समजून लाखेची तबकडी धुतलीत तर ती विरघळेल.

१६ इंची मिळाली तर घरच्या प्लेअरवर बसणारच नाही, आर्म आड येतो. त्यातही ती मूळ लॅकर असेल आणि पृष्ठभागावर पांढरी भुकटी दिसत असेल तर धुवायलाही जाऊ नका. आतलं तेल फुटून बाहेर येतंय, पुढची पायरी म्हणजे थराला भेगा. काचेची आहे का हे उजेडासमोर मधल्या भोकाच्या कडेला बघून कळतं. तशी असेल तर उभी ठेवा आणि एकदाच, नीट सोय असलेल्या ठिकाणी उतरवून घ्या.

टवाळ

सोळा इंची तबकडी घरी आणली तर ठेवायची कुठे हा प्रश्न नीट सोय असलेल्या ठिकाणीच विचारा. घरी विचारू नका.